समासातली टिंबं

चौथीत बाईंनी आम्हाला शिकवलं होतं, नवं पान उघडलं की आधी समास आखायचा. समासात आपण काही लिहायचं नाही, ती जागा तपासणाऱ्याची. पाचवीची शाळा दुसऱ्या गावाला होती म्हणून माझं शिक्षण तिथंच थांबलं, पण समास आखायची सवय हाताला राहिली. कॉलेजात मला आकडे लिहायची वही मिळाली तेव्हा पहिल्याच दिवशी मी तिच्या सगळ्या पानांना पट्टीनं समास आखून घेतला. पुढं त्याच समासात मी टिंबं देत गेले. त्या टिंबांविषयी एक वाक्य मी वेळेवर बोलले असते तर एका मुलीचं तीन वर्षांचं काम वाया गेलं नसतं.

मी शहराच्या कडेला, हर्सूलला राहते. कॉलेजात फिजिक्सच्या विभागात झाडणं, पुसणं, कुलपं उघडणं, पिण्याचं पाणी भरणं ही माझी कामं. शिवाय मोटर. आमच्या शहरात नळ रोज येत नाहीत. येतील त्या दिवशी खालचा हौद भरून घ्यायचा आणि पुढचे दिवस तो पुरवायचा. हौदातलं पाणी मोटरनं गच्चीवरच्या टाकीत चढवायचं. संध्याकाळी साडेपाचला मी मोटर लावते. अर्ध्या-पाऊण तासात टाकी भरते, मग मोटर बंद करून मी बस धरते. रात्रभर टाकी भरलेली राहते. सकाळी मुलं आली की पाणी लागायला सुरुवात होते आणि पाचपर्यंत टाकी तळाला जाते. सुट्टीच्या दिवशी हे काम वॉचमन चाचा करतात.

एकदा मोटर बंद करायची मी विसरले. टाकी भरून वाहिली आणि पाणी भिंतीवरून उतरत मोठ्या सरांच्या केबिनमध्ये गेलं. मोठे सर म्हणजे विभागाचे प्रमुख. ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "तुम्ही बोलत नाही ते ठीक आहे, पण तुमचं लक्षही नसतं का?" त्या दिवसापासून मी खूण ठेवायला लागले. मोटर लावली की भरीव टिंब, बंद केली की पोकळ गोल, शेजारी बारीक अक्षरात वेळ. टिंबापुढं गोल दिसला नाही की मी बटणाकडं पळते. आधी हे मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर करायची. वही आल्यावर समासात करू लागले, कारण वही दर तासाला डोळ्यांखालून जायची.

मी मुकी नाही. पण कुणाला काही सांगायचं म्हटलं की वाक्य मनात तयार होतं, गळ्यापर्यंत येतं आणि समोरचा माणूस माझ्याकडं बघतोय एवढं कळलं की तिथंच बसून राहतं. कामाला लागले तेव्हा महिनाभर विभागातल्या लोकांना मी मुकीच वाटले होते. घरी मालक म्हणतात, "तुला बोलायला लावायचं म्हणजे जात्यात हात घालून पीठ काढायचं." मी हसते. आता काय बोलणार?

ती मुलगी पीएचडी करायला आली. लहानखुरी, चष्मा लावणारी. खांद्याला पिशवी आणि पिशवीत नेहमी स्क्रू ड्रायव्हर. मी तिला ताई म्हणायची, ती मला मावशी. सगळ्यात वरच्या मजल्यावर, गच्चीच्या बरोबर खाली, एक अडगळीची खोली होती. ती तिला मिळाली. आम्ही दोघींनी तिथली मोडकी बाकं काढली, कबुतरांची घाण धुतली. मग तिनं तिथं मशीन उभं केलं. दीड वर्ष लागलं तिला. काळ्या कागदात आणि काळ्या टेपमध्ये गुंडाळलेल्या तीन रुंद फळ्या, एकाखाली एक, आणि बाजूला लाल आकड्यांचा डबा. फळ्यांना उजेड लागता कामा नये, म्हणून टेपची एकेक कड ती बोटानं दाबून बघायची, पोळीची कड दाबतात तशी.

मशीन पहिल्यांदा नीट चाललं त्या दिवशी मी पाण्याचा जग घेऊन आत गेले होते.

"मावशी, हात पुढं करा," ती म्हणाली.

मी हात ओला होता तो पदराला पुसला आणि पुढं केला.

"हा गेला. हा बघा, अजून एक गेला."

"काय गेलं?"

"आकाशातून आलेला कण. तुमच्या तळहातातून सेकंदाला एखादा तरी जातोच. वरच्या स्लॅबमधून येतो, हातातून जातो, जमिनीतून जातो आणि खाली मोठ्या सरांच्या टकलातून जातो. सरांनाही पत्ता नाही."

मी तोंडावर पदर धरून हसले. ती खुर्ची ओढून बसली आणि मला सगळं समजावून सांगू लागली. मला कुणी असं बसून समजावलं नव्हतं. लांब ताऱ्यांकडून कण येतात, हवेवर आदळतात आणि त्यातून आणखी बारीक कण होऊन खाली पडतात. रात्रंदिवस पडतात. पण त्यांची मोजणी दिवसभर सारखी नसते. पृथ्वी फिरते, त्यामुळं आपलं गाव रोज एकदा एका बाजूला तोंड करतं आणि तेव्हा ते किंचित जास्त येतात. किती जास्त आणि किती वाजता, हे तिला आपल्या गावापुरतं शोधायचं होतं. त्यावर तिला डॉक्टर ही पदवी मिळणार होती.

"आणि मावशी, हवेचा दाब लिहायला विसरायचं नाही. हवा म्हणजे आपल्या डोक्यावरचं छप्पर आहे. सगळ्या हवेचं ओझं किती, माहितीये? दहा मीटर पाणी डोक्यावर साठवलं तर होईल तेवढं. छप्पर जाड झालं की कमी कण खाली पोचतात, पातळ झालं की जास्त. तो फरक वजा केला की राहतं ते खरं आकाशाचं."

दहा मीटर पाणी. बाकी सगळं विसरले असते, ते विसरले नाही. पाणी म्हटलं की मला कळतं.

लाइट जाण्यायेण्यानं कॉम्प्युटरमधली नोंद मधेच तुटायची, म्हणून दर तासाचा आकडा हातानंही लिहून ठेवायचा तिचा नियम होता. माझी सामानाची यादी बघून एकदा ती म्हणाली, "तुमचे आकडे छापल्यासारखे आहेत हो! तुम्हीच लिहाल का?" जून महिन्यापासून वही माझ्याकडं आली. वेळ, आकडा, हवेचा दाब, खोलीचं तापमान. दहा ते सहा. मी झाडू ठेवून घड्याळाकडं बघत बसायची. तास भरला की लाल आकडा उतरवायचा. एक पानसुद्धा माझ्या हातून खाडाखोडीचं गेलं नाही.

त्याच्या आधी, मे महिन्यात, एक गोष्ट झाली होती. पाण्याची पाळी लांबली म्हणून कॉलेजनं आमच्या इमारतीला जुन्या टाकीऐवजी मोठी काळी टाकी घेतली. ती ठेवायची कुठं? ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "खाली भिंती पाहिजेत भक्कम, नाहीतर स्लॅब बसंल." भक्कम भिंती त्या वरच्या खोलीच्या होत्या. टाकी बरोबर तिच्यावर बसली. ताई तेव्हा सुट्टीत गावी गेली होती. गच्चीला कायम कुलूप, किल्ली माझ्या कमरेला. नंतर तिनं टाकी कधी बघितली नाही असं नाही, खालून येताजाता दिसतच असेल. पण सगळ्याच इमारतींवर टाक्या असतात. टाकीकडं कोण बघतं?

पावसाळ्यात एकदा नळ आलेच नाहीत. हौद कोरडा, टाकी कोरडी. टँकर येईपर्यंत दोन दिवस गेले. त्या दोन्ही दिवशी सकाळी दहाचा आकडाच एवढा मोठा होता, जेवढा एरवी संध्याकाळी पाचला यायचा. आणि दिवसभर तो तसाच राहिला. मी दोनदा डोळे पुसून बघितलं. मग म्हटलं असेल काही आकाशाचं.

दिवाळीत कॉलेज बंद झालं. ताई गावी जाताना म्हणाली, "मावशी, भाऊबीज सोडून बाकीचे दिवस याल ना? आकडे तुटायला नकोत." मी येत होते. इमारतीत मी आणि फाटकावर चाचा. पाणी वापरायला कुणीच नव्हतं. टाकी काठोकाठ भरलेली, तशीच्या तशी. आणि आकडा सकाळी लहान, दुपारी लहान, पाचला लहान. रोज पाचला चढणारा आकडा चढेचना.

तिसऱ्या दिवशी मी गच्चीवर गेले. टाकी माझ्या डोक्याच्या वर गेलेली. काळ्या टाकीला उन्हात हात लावला की पाणी कुठवर आहे ते कळतं. पाण्याच्या वर ती तापलेली असते, पाणी आहे तिथवर गार. मी वरपर्यंत हात फिरवला. सगळी गार होती. मी तिच्याखाली असलेल्या खोलीचा विचार केला, मशीनचा केला, आणि दहा मीटर पाण्याचा केला.

खाली येऊन वही काढली. रोजचा आकडा टाकी रिकामी होत जाईल तसा चढत होता. साडेपाचला समासात टिंब पडलं की सहाचा आकडा धाडकन खाली. पाच महिने. एक दिवस चुकला नव्हता.

कुणाला तरी सांगावं म्हणून मी चाचांना सांगितलं. चाचांसमोर मला बोलता येतं, कारण ते समोरच्याकडं बघत नाहीत, फाटकाकडं बघतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विडा तोंडात फिरवला.

"क्या बोलते बाई? आसमान से निकली हुई चीज, पक्का स्लॅब फोडके आती, और पानी से रुकती? फिर तो मच्छी को कुछ लगताच नहीं होगा."

"तसं नाय चाचा. ताई म्हणल्या, हवेनं पण कमी होतंय."

"तो जाके सर को बोलो. बोलो, मेरे कू समझा, तुम्हारे कू नहीं समझा." आणि ते एवढे हसले की त्यांना ठसका लागला. "नक्को बाई. पढेलिखे लोगां का मामला है. अपन मोटर चालू-बंद करना, बस."

ते वाईट बोलले नाहीत. पण ते वाक्य माझ्या गळ्यातल्या वाक्यावर दगडासारखं बसलं.

दिवाळीनंतर ताई आली ती आनंदातच. जून ते ऑक्टोबरचे सगळे दिवस तिनं एकावर एक ठेवून एक चित्र काढलं होतं. एका दिवसाची मोजणी कशी चढते-उतरते त्याचं. ते तिनं खोलीच्या भिंतीवर लावलं. मी बघितलं आणि ओळखलं. माझं माहेर दौलताबादजवळ. एका बाजूनं हळूहळू चढण आणि दुसऱ्या बाजूनं सरळ तुटलेला कडा, हा आकार मी लहानपणापासून रोज बघितलाय.

"किल्ल्यासारखं दिसतंय," मी म्हणाले. माझ्यापुरतं ते खूप बोलणं होतं.

"हो ना! अगदी देवगिरी!" ती टाळी वाजवून म्हणाली. "दुसरीकडं मोजणाऱ्या सगळ्यांची टेकडी दुपारच्या सुमारास येते आणि अगदी बुटकी असते. आपली पाचला येते आणि केवढी उंच! सर म्हणाले, कडा एवढा सरळ का तुटतो ते नीट बघ, पण पेपर लिहायला घे. मावशी, हे कुणालाच सापडलं नव्हतं." तिनं पैठण गेटवरून गरम इमरती आणली होती. कागदात तेल उतरलेलं. तिनं पहिली मला दिली. "अर्धी टेकडी तुमची आहे. आकडे तुमचे."

इमरती माझ्या हातात तशीच राहिली. मग तिचं लक्ष वहीकडं गेलं.

"हे समासात काय करता तुम्ही? टिंब आणि गोल?"

तो प्रश्न तिनं स्वतःहून विचारला होता. मला फक्त उत्तर द्यायचं होतं. मोटर, टाकी, बरोबर वर. चार शब्द. तिनं माझ्याकडं बघितलं, चष्म्याआडून, हसऱ्या तोंडानं.

"काय नाय," मी म्हणाले. "माझंच आहे ते."

"छान दिसतं. रांगोळीसारखं," ती म्हणाली आणि वळली.

त्यानंतर मी तीनदा ठरवलं. एकदा तिच्या डब्याच्या वेळी गेले, तर मोठे सर तिथं बसलेले. एकदा जिन्यात गाठलं, तर तिच्या कानाला फोन. एकदा खोलीत ती एकटी होती. मी म्हणाले, "ताई, ते पाणी..." ती लिहिता लिहिताच म्हणाली, "ठेवा ना मावशी, पिते मी." मी ग्लास ठेवला आणि बाहेर आले. डिसेंबरात तिचा पेपर छापायला गेला.

मला बोलता येत नव्हतं, पण मोटर माझ्या हातात होती. मी ठरवलं, टाकी रिकामी होऊच द्यायची नाही. सगळा दिवस छप्पर सारखं जाड राहिलं तर आकडे खरे येतील, आणि कुणाला काही सांगायची गरज पडणार नाही. जानेवारी लागल्यापासून मी दर तासाला मोटर लावू लागले. आकडा लिहायचा, खाली जायचं, दहा मिनिटं मोटर, टिंब, गोल. तीन मजले उतरायचे आणि चढायचे, दिवसातून आठ वेळा. गुडघे बोलायला लागले.

चाचा फाटकावरून ओरडायचे, "क्या बाई, आज समंदर भर रहे क्या?"

मला वाटत होतं मी तिच्यासाठी चांगलं करतेय. आठवडाभरात टेकडी गेली.

ताईला आधी काही वाटलं नाही. मग ती रोज सकाळी लवकर यायला लागली. तिनं मशीन उघडलं. सगळ्या वायरी काढून परत जोडल्या. काळा कागद काढून नवा लावला, टेप नवी लावली. फोनवर कुणाला तरी विचारायची, "हो, आठ तारखेपर्यंत थोडी दिसते, मग एकदम सपाट." डबा उघडायची नाही. केस तेलाविना भुरभुरायचे. एक दिवस मोठे सर वर आले. मी फरशी पुसत होते, ते माझ्यादेखत बोलले, कारण माझ्यासमोर बोललं तर कुठं जात नाही हे सगळ्यांना माहीत आहे.

"मशीन बिघडलं असेल तर बिघडलं. पण मग आधीचा डेटा तरी खरा कशावरून? तीन वर्षं होत आली. मार्चला तुझी फेलोशिप संपते. मी काय सांगू वरती?"

मी तिच्याकडं बघितलं आणि मला कळलं, वाक्य गळ्यात बसतं तेव्हा माणूस कसा दिसतो.

दुपारी मी झाडू ठेवायला माझ्या कोपऱ्यातल्या खोलीत गेले, तर ती तिथं पालथ्या बादलीवर बसून रडत होती. मला बघून उठायला गेली, मग तशीच बसली.

"माझंच काहीतरी चुकलंय मावशी. पंधरा दिवस शोधतेय. माझंच चुकलंय आणि मला दिसत नाहीये."

मी वही आणली. तिच्या मांडीवर उघडली. जानेवारीची पानं समोर धरली, जिथं टेकडी गेली होती. समासात टिंब-गोल, टिंब-गोल, वरून खालपर्यंत. मग मागची पानं उलटली. रोज एकच टिंब, साडेपाचला. त्या टिंबावर बोट ठेवलं, आणि तिथून सरकवत सहाच्या आकड्यावर नेलं. मग दुसऱ्या दिवशीचं टिंब. मग तिसऱ्या. मी कमरेची गच्चीची किल्ली काढून तिच्या हातात दिली.

वर ती टाकीसमोर उभी राहिली. खाली पायाशी बघितलं, आपण कुठल्या खोलीवर उभ्या आहोत याचा अंदाज घेतला. मग बोटाच्या पेरानं टाकी वाजवली, खालून वर, खालून वर. सगळीकडं ठस्स आवाज. भरलेली.

"ही कधी बसवली?"

"मे मदी. तुम्ही गावाला गेल्ता."

"आणि टिंब म्हणजे मोटर."

मी मान हलवली. गच्चीवर वारा होता. तिचे कागद खाली राहिले होते, नाहीतर उडाले असते. तिनं टाकीवर तळहात टेकला. मग तिनं विचारलं, "तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

खोटं बोलायलासुद्धा बोलावं लागतं.

"दिवाळीपास्नं."

तिनं डोळे मिटले. बोटांवर महिने मोजले, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी. "दिवाळीला कळलं असतं मावशी, तर..." एवढंच म्हणाली. ते वाक्य तिनं पुरं केलं नाही, आणि तेव्हापासून मी ते पुरं करत असते. दिवाळीला कळलं असतं तर पेपर गेला नसता. मशीन शेजारच्या खोलीत नेता आलं असतं. चार-पाच महिन्यांचे स्वच्छ आकडे मिळाले असते. थोडे असते, पण तिचे असते.

ती मला एक वाईट शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

पुढचे काही दिवस आम्ही दोघी बसलो. तिला प्रत्येक दिवसाचं टिंब आणि गोल कॉम्प्युटरमध्ये घालायचं होतं. मी वाचून दाखवायची, ती टाइप करायची. "सोमवार, टिंब पाच पस्तीस, गोल सहा दहा." तेव्हा एक गोष्ट माझ्या लक्षात आली. समोर कागद असला की माझा आवाज निघतो. अडखळत नाही, कापत नाही. तिच्याही लक्षात आलं. "तुमचा आवाज किती छान आहे," ती म्हणाली, आणि दोघींनाही रडू येईल असं वाटलं म्हणून मी पुढचं टिंब वाचलं.

पण टिंबं मोटरची होती. दुपारी बारा वाजता टाकीत किती पाणी होतं, दोन वाजता किती, ते मी लिहिलं नव्हतं. "हात लावला की कळतं," मी सांगितलं. "पण लिवलं नाय." रविवारी आणि सुट्टीला मोटर चाचा लावायचे. त्यांची टिंबं नव्हती. जानेवारीतले आकडे तर मशीन उघडून परत जोडल्यानं कामाचेच राहिले नव्हते. तिनं अंदाजानं हिशेब केला. किल्ला गेला. जे उरलं ते माझ्या नखाएवढं होतं, दुपारच्या दोनच्या आसपास एक उंचवटा.

"हाच असेल मावशी," ती चष्मा काढून म्हणाली. "किंवा नसेल. एवढ्यावर सांगता येत नाही. अजून एक वर्ष हवं."

वर्ष नव्हतं. तिनं पेपर स्वतःहून मागं घेतला. मुदत वाढवायचा अर्ज केला, तो नामंजूर होऊन आला. मोठ्या सरांनी टाकी हलवायचं विचारून बघितलं. दुसरीकडच्या भिंती भक्कम नाहीत, असं उत्तर आलं. मार्चअखेर ती गेली. एका तालुक्याच्या गावी ज्युनिअर कॉलेजात शिकवते, असं कळलं. जाताना तिनं मला एक कोरी वही दिली. का दिली ते बोलली नाही.

मशीन बंद करायला कुणी सांगितलं नाही, म्हणून ते चालूच आहे. टाकी मी आता भरलेली ठेवते. दर तासाला आकडा लिहिते, टिंब लिहिते, गोल लिहिते, आणि गच्चीवर जाऊन हात लावून पाणी कुठवर आहे तेही लिहिते, त्यासाठी टाकीवर खडूनं रेघा मारल्यात. रविवारची टिंबं चाचा खिशातल्या कागदावर करून ठेवतात. "ले बाई, तेरा आसमान," म्हणून सोमवारी देतात. वर्ष होत आलं.

पण पावसाळ्यात एका फळीची टेप सुटली होती. दोन दिवस आकडा वेड्यासारखा वाढला. मी नवी टेप आणून तिच्यासारखीच कड दाबून लावली. आकडा खाली आला, पण आधी होता तेवढाच आला का, हे मला ठरवता येत नाही. तेव्हापासूनचे आकडे खरे आहेत की नुसते मी लिहिलेले आहेत, हे सांगणारं इथं कुणी नाही. मोठे सर कधी वर आले तर खोलीत डोकावतात, "अजून चालू आहे का हे?" म्हणतात आणि जातात.

तिचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे. मागच्या आठवड्यात मी लावला. दोन वेळा वाजला आणि तिनं उचलला. मागं पोरींचा गलका होता. "मावशी? मावशी, बोला ना. बऱ्या आहात ना?" मी फोन कानाला धरून उभी राहिले. मग ठेवून दिला. तिनं लगेच परत लावला. तो वाजत राहिला आणि मी तो हातात धरून बघत राहिले, थांबेपर्यंत.

म्हणून मी आज तिनं दिलेली वही काढली. फोनवर वाचून दाखवायला दोन ओळी लिहून ठेवाव्यात, एवढंच मनात होतं. समास आखला आणि लिहायला बसले, तर ही एवढी पानं झाली. ही वाचून दाखवण्यासारखी नाहीत. दोन ओळी वेगळ्या कागदावर लिहिते आहे:

ताई, मशीन चालू आहे. टिंबं सगळी आहेत, रविवारची पण. टेप एकदा सुटली होती, ते पान वेगळं दुमडून ठेवलंय. येऊन बघता का?

चार ओळी झाल्या. कागद फोनच्या खाली ठेवलाय. पाच वाजायला आले, आकडा लिहायचा आहे.